मोठ्या नेपाळी खुकुरीचा खरा उपयोग कोणता?

गिरणारे_मळा (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

नाशिकजवळ गिरणारे येथे आमची साडेचार एकर शेती आहे. तीन एकरांत द्राक्षबाग असून उरलेल्या भागात बांधालगत मानवेल, सुबाभूळ आणि कोणी न विचारता वाढलेली घाणेरी आहे. वडील तोफखान्यात होते. ईशान्येकडील एका ठाण्यावर त्यांच्या शेजारी गोरखा पलटण होती आणि तेथून बदली होताना त्या पलटणीतील मित्रांनी त्यांना एक खुकुरी भेट दिली होती. वडिलांच्या पश्चात गेल्या महिन्यात त्यांची लोखंडी ट्रंक उघडली, तेव्हा ती पहिल्यांदाच माझ्या हाती आली.

खुकुरी म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे जे हत्यार येते, त्याच्या जवळजवळ दुप्पट हे धूड आहे. पाते सरळ रेषेत मोजल्यास १८ इंच, सर्वांत रुंद ठिकाणी पावणेतीन इंच, मुठीजवळ पाठीची जाडी १२ मिलिमीटर. मूठ दहा इंच लांब असून दोन्ही हात तिच्यावर सहज मावतात. द्राक्षे तोलण्याच्या काट्यावर वजन १ किलो ६०० ग्रॅम भरले. म्यान चामड्याचे आहे आणि त्याच्या पाठीमागे दोन लहान खिसे आहेत, पण ते रिकामे आहेत.

बांधावरील बांबू तोडण्यासाठी ती वापरून पाहावी असे मनात आले आणि एका मानवेलीवर मी दोन्ही हातांनी घाव घातला. पाते बांबूच्या आरपार गेले, थांबले मात्र नाही, आणि माझ्या डाव्या नडगीपासून चार बोटांवर जमिनीत रुतले. त्यानंतर ती पुन्हा ट्रंकेत गेली आहे.

एवढ्या मोठ्या आकाराची खुकुरी नेपाळात नेमकी कशासाठी बनवतात, शेतीच्या कामात तिला काही स्थान आहे का, आणि ती घरात ठेवण्यात कायद्याची काही अडचण येते का, हे जाणकारांनी कृपया सांगावे. त्या रिकाम्या खिशांत काय असायचे, हेही कोणाला ठाऊक असल्यास लिहावे.

देवळालीचा_निवृत्त

आपल्या वडिलांना प्रणाम. मी स्वतः गोरखा पलटणीतील नव्हे, परंतु दोन वर्षे एका गोरखा पलटणीसोबत राहिलो आहे, त्यामुळे आपण वर्णन केलेली वस्तू काय आहे हे मुठीची लांबी वाचताच लक्षात आले. जवानाच्या कमरेला असणाऱ्या खुकुरीचे पाते साधारण १० ते ११ इंचांचे असते आणि मूठ एका हाताची असते. दोन हातांची मूठ असलेली खुकुरी ही लढाईची नव्हे आणि शेतीचीही नव्हे. ती दशैंची आहे.

दशैं म्हणजे आपले नवरात्र आणि दसरा, फक्त तो घटस्थापनेपासून कोजागरीपर्यंत पंधरा दिवस चालतो. सातव्या दिवशी फुलपाती, म्हणजे देवीसाठीची पवित्र फुले-पाने येतात, आठवी रात्र ती कालरात्री, आणि नवमीला शस्त्रांची व अवजारांची पूजा होते. आपल्याकडे त्याच दिवशी खंडेनवमी असते आणि शेतकरी नांगर व कोयते धुऊन त्यांना गंध लावतो, हे योगायोगाने घडलेले नाही. पलटणीत परंपरेने मैदानात एक खांब रोवतात, त्याला मौलो म्हणतात. बळीचा रेडा त्याला बांधला जातो आणि निवडलेल्या जवानाने त्याची मान एकाच घावात वेगळी करायची असते. घाव स्वच्छ बसला तर पलटणीला वर्ष चांगले जाते, अशी श्रद्धा आहे. यशस्वी जवानाच्या डोक्याला पांढरी पगडी बांधून त्याचा सन्मान करतात. घाव चुकला तर त्या माणसाला किती दिवस तोंड लपवावेसे वाटते, हे मी एकदा जवळून पाहिले आहे आणि त्याविषयी अधिक लिहिण्याची इच्छा नाही.

पात्याची लांबी त्या कामातूनच ठरलेली आहे. रेड्याची मान दहा इंची पात्याच्या आवाक्यात येत नाही; पाते मानेच्या रुंदीपेक्षा बरेच लांब असेल तरच एका घावात काम पुरे होते. याच कामासाठी नेपाळात कोरा नावाची तलवारही आहे. तिचे टोक पंख्यासारखे पसरट असते आणि त्यावर बहुधा डोळा किंवा कमळ कोरलेले असते. कोरा पूर्वी युद्धातही वापरली जात असे. रामदाउ हे आणखी जड हत्यार मात्र देवीपुढेच निघते. या सर्वांत आणि आपल्या तलवारीत एक मूलभूत फरक आहे. तलवारीची धार बाकाच्या बाहेरच्या अंगाला असते, तर खुकुरीची व कोऱ्याची आतल्या अंगाला असते. या बाबतीत ती तलवारीपेक्षा आपल्या विळ्याची जवळची नातेवाईक आहे.

इंग्रजांना खुकुरीची ओळख नेपाळशी झालेल्या १८१४ ते १८१६ च्या युद्धात पटली. देहरादूनजवळ नालापानीच्या गढीत बलभद्र कुँवर यांच्या मूठभर माणसांनी दिलेली झुंज प्रसिद्ध आहे. तेव्हाही जवानाच्या कमरेला एका हाताचीच खुकुरी होती, हे लक्षात घ्यावे.

मुठीजवळ पात्याला जी खाच असते, ती रक्त मुठीपर्यंत ओघळू नये म्हणून असते, असे मला सांगितले गेले होते.

पोखरा_ते_पंचवटी

सर्वांना नमस्कार. मी मूळचा नेपाळमधील कास्की जिल्ह्यातला, नाशिकमध्ये मला बावीस वर्षे झाली. मराठी मी शाळेत नव्हे, पंचवटीतील हॉटेलच्या भटारखान्यात शिकलो, तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी.

देवळालीच्या काकांनी दशैंविषयी लिहिले ते योग्य आहे. खाचेविषयी मात्र आमच्या घरी वेगळे सांगत. आम्ही तिला काउडी म्हणतो आणि आजोबा सांगत की ते गाईच्या खुराचे चिन्ह आहे, म्हणजे हातात शस्त्र असले तरी गाईवर उगारायचे नाही याची आठवण. कोणी तिला महादेवाचा त्रिशूळ म्हणते. आजोबांना पुन्हा पुन्हा विचारले की ते चिडून म्हणायचे, "खुकुरी आहे म्हणून काउडी आहे."

मला अधिक सांगावेसे वाटते ते रोजच्या खुकुरीविषयी, कारण येथे खुकुरी म्हटले की लोकांना एकदम रक्तच आठवते. एकदा म्यानातून काढली की रक्त दाखवल्याशिवाय परत घालत नाहीत, ही गोष्ट मला नाशिकमध्ये किमान शंभर वेळा ऐकवली गेली आहे. तसे असते तर माझ्या आईला सकाळी चूल पेटवण्यापूर्वी रोज बोट कापून घ्यावे लागले असते! आमच्याकडे जळण फोडणे, बांबू चिरून डोको (पाठीवरची टोपली) विणण्यासाठी चोया काढणे, म्हणजे तुमच्या कामट्या, कुंपणाच्या खुंट्यांना टोक करणे, मक्याची ताटे तोडणे आणि सणाला बकऱ्याचे मटण तोडणे, ही सारी कामे एकाच खुकुरीने होतात. मोठ्या झाडाला बन्चरो म्हणजे कुऱ्हाड आणि गवताला हँसिया म्हणजे विळा. या दोन्हींच्या मधले जे काही असते, ते खुकुरीचे. भाजी मात्र खुकुरीने चिरत नाहीत. त्यासाठी चुलेसी असते, आणि ती हुबेहूब तुमची विळी आहे, पाय ठेवून बसायच्या पद्धतीसकट. पहिल्यांदा एका मराठी घरात विळी पाहिली तेव्हा मला क्षणभर आपल्याच घरी आल्यासारखे वाटले होते.

मटण ज्या ओंडक्यावर तोडतात त्याला अचानो म्हणतात. आमच्याकडे म्हण आहे, "अचानाको पीर खुकुरीले जान्दैन": ओंडक्याचे दुःख खुकुरीला कळत नाही. वाईट स्वप्ने पडणाऱ्या मुलाच्या उशाखाली खुकुरी ठेवण्याची पद्धतही आहे. तुमच्याकडे बाळंतिणीच्या उशाखाली विळा ठेवतात, तसेच ते.

दादा, तुमच्याकडची खुकुरी आमच्या गावात एखाद्याच घरी असायची आणि वर्षातून एकदा बाहेर निघायची. ज्या घरांत पशुबळी देत नाहीत, तेथे कुभिन्डो कापतात, म्हणजे तुमचा कोहळा. काठमांडूच्या खोऱ्यातील नेवार लोकांच्या दशैंतील खड्गयात्रेतही कोहळ्यावर तलवार चालवतात.

रिकाम्या खिशांविषयी सांगतो. त्यांत दोन लहान पाती असतात. एक कर्द, म्हणजे धार असलेली छोटी सुरी, सोलण्या-कापण्यासाठी. दुसरी चकमक. तिला धार नसते आणि ती मुद्दामच नसते. तिने खुकुरीची दुमडलेली धार सरळ करतात आणि गारगोटीवर आपटून ठिणगी पाडतात. हा शब्द मराठीतही आहे, हे मला वर्तमानपत्रात "चकमक उडाली" असे वाचले तेव्हा कळले. ही दोन्ही पाती सहसा हरवत नाहीत. घरातच कोणीतरी कशासाठी तरी वापरत असते. घरात शोधा.

मखमलाबादचा_बागाईतदार

आपण बांबू कशाने तोडावा यापेक्षा कसा तोडावा हे पाहावे, असे सुचवतो. मानवेलीच्या बेटातील तीन वर्षांपुढील काठ्याच काढाव्यात, त्या वर्षीचे कोंब राखावेत, आणि जमिनीलगतच्या पहिल्या पेराच्या अगदी वर तोडावे म्हणजे थोटकात पाणी साचून बुंधा कुजत नाही. याला एका हाताचा कोयता पुरतो, कारण बेटात शिरल्यावर दोन हात फिरवण्याइतकी जागाच नसते. घाणेरी तर तोडूच नये; ती तोडली की दुप्पट फुटते, कुदळीने मुळासकट उपटावी लागते. बुधवारच्या बाजारात गोदाघाटावर चांगला कोयता मिळतो. वडिलांची आठवण बांबूवर झिजवू नये.

सातपूर_भट्टी

आमच्या घरी तीन पिढ्या लोहारकाम होते. मी सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत पोलादाला कठीणपणा देण्याच्या विभागात काम करतो, म्हणजे भाता गेला आणि विजेची भट्टी आली, एवढाच फरक. त्यामुळे या विषयावर थोडे विस्ताराने लिहितो.

प्रथम ती आपल्या नडगीकडे का आली ते पाहू. नेहमीचे पाते साडेदहा इंचांचे धरले, तर आपले सुमारे १.७ पट लांब आहे. जाडी आणि रुंदी तीच ठेवून पाते लांब केले, तर वजन लांबीच्या पटीत वाढते. पण ते फिरवायला आणि फिरत असताना थांबवायला लागणारा जोर लांबीच्या घनाच्या पटीत वाढतो. १.७ चा घन काढल्यास तो जवळजवळ पाच येतो. आपले पाते जाडही आहे, म्हणजे प्रत्यक्षात पाचपटीहून अधिक. त्यातच खुकुरीचे पोट टोकाकडे असल्यामुळे तिचा तोल आधीच पुढे झुकलेला असतो. रेड्याच्या मानेत हा सगळा जोर खर्च होतो. दोन बोटे जाडीच्या बांबूत त्यातला थोडासाच खर्च होतो आणि उरलेला जोर जमीन किंवा पाय शोधतो. मोठे हत्यार म्हणजे अधिक कामाचे हत्यार, हा समज आमच्या भट्टीवर येणाऱ्या निम्म्या गिऱ्हाइकांचा असायचा, आणि आजोबा त्यांना मोठा कोयता दिवसभर हातात धरून बसायला सांगायचे. दुपारपर्यंत ते लहान कोयता मागायचे.

आता पात्याकडे वळू. नेपाळातील कामी, म्हणजे तिकडचे लोहार, आजही बहुतेक पाती ट्रकच्या कमानीच्या जुन्या पाट्यांपासून घडवतात. भोजपूर आणि धरान ही पूर्वेकडील गावे त्यासाठी नावाजलेली आहेत. पाते लाल तापवून झाले की किटलीने पाण्याची बारीक धार फक्त कडेवर सोडतात, पाठीवर नाही. कड कठीण होते आणि पाठ चिवट राहते, म्हणून घाव बसला तरी पाते काचेसारखे तडकत नाही. आपल्याकडे "धारेला पाणी देणे" म्हणतात आणि तिकडेही या क्रियेला पाणीच म्हणतात. मला हे कळले तेव्हा फार बरे वाटले.

आपल्याकडील वस्तू खरी आहे की पर्यटकांसाठी बनवलेली शोभेची आहे, हे कानशीने कळेल. बारीक दात्यांची कानस कडेवर हलकेच फिरवावी. पाणी दिलेले असेल तर ती काचेवरून सरकल्यासारखी निसटते. तीच कानस पाठीवर फिरवली तर चावते आणि चकचकीत ओरखडा उमटतो. दोन्हीकडे सारखीच चावली, तर ती भिंतीवर टांगावी. पात्यावर आरशासारखा मुलामा चढवलेला असेल, तर कानशीचीही गरज नाही.

त्यानंतर मूठ पाहावी. पात्याचे शेपूट मुठीत लाखेसारख्या चिकट मिश्रणाने बसवतात, तिकडे त्याला लाहा म्हणतात. आपले शिकलगार तलवारीची मूठ लाखेनेच बसवत असत. हे मिश्रण वर्षानुवर्षांत सुकून भुसभुशीत होते. मूठ कानाजवळ धरून पात्यावर बोटाने टिचकी मारावी. आत खडखडले, तर घाव घालण्याचा विचारही करू नये, कारण मुठीतून सुटलेले दीड किलोचे पाते कोठे जाईल हे कोणी सांगू शकत नाही. काउडीचा अर्थ गाईचे खूर असो वा त्रिशूळ, यंत्रशाळेच्या दृष्टीने ती ताण एकवटण्याची जागा आहे. तिच्या आतल्या कोपऱ्यात केसासारखा तडा गेला आहे का, हे भिंगातून पाहावे.

धार लावायची असल्यास विजेच्या चाकावर मुळीच नेऊ नये. कडेवर निळसर रंग चढला की पाणी उतरलेच म्हणून समजा, आणि ते परत देण्यासाठी सगळे पाते पुन्हा तापवावे लागते. निसण्यावर पाणी टाकून हातानेच पाजवावी आणि कडेचा फुगीरपणा घासून सपाट करू नये, कारण तोच फुगीरपणा पाते लाकडात अडकू देत नाही.

शेवटची गोष्ट म्यानाची. ती बाहेर काढताना आपण डाव्या हाताची बोटे म्यानाभोवती पूर्ण गुंडाळली असतील, तर थोडक्यात बचावलात. जुने म्यान धारेच्या बाजूने उसवलेले असू शकते आणि पाते ओढताना ते थेट बोटांवर येते. म्यान नेहमी पाठीकडून चिमटीत धरावे. आणि आपल्या पावसाळ्यात ती म्यानात ठेवूच नये. चामडे दमट होते, त्यातील कमावण्याची द्रव्ये पोलादाला खातात. तेलाचा हात फिरवून सुती कापडात गुंडाळावी. तिकडे मोहरीचे तेल लावतात, शिवणयंत्राचे तेलही चालते.

वकिली_चष्मा

कायद्याच्या प्रश्नाला कोणी हात लावलेला नाही, म्हणून थोडक्यात लिहितो. शस्त्र अधिनियम, १९५९ खालील नियमांच्या अनुसूचीत धारदार शस्त्रांचा पाचवा वर्ग आहे आणि त्यात कृपाण व खुकुरी यांचा नावानिशी उल्लेख आहे. ज्यांचे पाते ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद आहे, अशी हत्यारे त्यात येतात. घरगुती, शेती, शास्त्रीय किंवा औद्योगिक उपयोगासाठी बनवलेली हत्यारे वगळलेली आहेत. आपले पाते या दोन्ही मर्यादा ओलांडते आणि वरील चर्चा वाचल्यानंतर ते शेतीचे अवजार आहे असे म्हणणेही अवघड आहे. मात्र या वर्गातील शस्त्रांना परवाना सर्वत्र लागत नाही. कलम ४ खाली केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या क्षेत्रांतच तो लागतो. म्हणून आपल्या गावासाठी अधिसूचनेची स्थिती काय आहे, हे पोलीस ठाण्यात लेखी विचारून उत्तर जपून ठेवावे.

घरात ठेवणे आणि रस्त्यावर नेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली सणासुदीच्या व निवडणुकीच्या काळात मनाई आदेश निघतात आणि नाशिक शहरात ते वारंवार निघतात. तेव्हा सातपूरच्या मित्राला दाखवण्यासाठी ती दुचाकीला अडकवून आणण्याचा मोह टाळावा. कोयत्याच्या गुन्ह्यांमुळे सध्या पोलीस या विषयात विनोदबुद्धी बाळगत नाहीत. पूजेत किंवा घरी काढलेले तिचे छायाचित्र समाजमाध्यमांवर टाकणेही मी टाळले असते.

गिरणारे_मळा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आठवडाभरात काय काय झाले ते सांगणे माझे कर्तव्य आहे.

कानस कडेवरून घसरली आणि पाठीवर चावली, म्हणजे ती शोभेची नाही. खाचेत तडा दिसला नाही. टिचकी मारल्यावर मुठीत मात्र बारीक खडखड ऐकू आली. बांबूवर घाव घातला त्या दिवशी ती निसटली असती तर काय झाले असते, याचा विचार मी दोन रात्री करत होतो. आता ती तेलाचा हात फिरवून वडिलांच्या जुन्या धोतराच्या कापडात गुंडाळली आहे. ठाण्यात अर्ज दिला आहे. बुधवारी बाजारातून साडेतीनशे रुपयांचा कोयता आणला आणि मखमलाबादकरांनी सांगितल्याप्रमाणे पहिल्या पेरावर अकरा काठ्या काढल्या. खंडेनवमीला कोयता आणि खुकुरी शेजारी शेजारी पाटावर मांडू. कोहळा कापायचा झाल्यास तो कोयत्यानेच कापू.

पोखऱ्याच्या दादांचे शब्द खरे ठरले. आईला मी म्यानाचे रिकामे खिसे दाखवले, तेव्हा ती काही न बोलता स्वयंपाकघरात गेली आणि लसूण सोलायची काळ्या मुठीची सुरी घेऊन आली. गेली तीस वर्षे आम्ही तिला "लसणाची सुरी" म्हणत आलो आहोत. तिच्याच जोडीची बोथट सुरी तेलाच्या डब्यांची झाकणे उचकटायला होती आणि तिला धार लागत नाही म्हणून मी स्वतः लहानपणी ती दगडावर तासन्‌तास घासल्याचे मला आठवते. चकमक खिशात परत गेली आहे. कर्द परत द्यायला आईने नकार दिला. मोठीचे काय करायचे ते तुम्ही ठरवा, असे म्हणून तिने लसूण सोलायला घेतला.